सुभेदारांसाठी एक मिनिट

१४ ऑक्टोबर १९५६. रविवार, विजयादशमी. नागपुरातल्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या मैदानावर सकाळी पांढऱ्या कपड्यांतला अथांग समुदाय जमला होता. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी, त्रिसरण, पंचशील, बाबासाहेब आणि त्यांच्या पत्नी माईसाहेब यांची दीक्षा, मग बावीस प्रतिज्ञा. या सगळ्याच्या आधीचं एक मिनिट मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिलं आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या स्मृतीसाठी तो लाखोंचा समुदाय उभा राहिला आणि मिनिटभर स्तब्ध झाला. चरित्रांत या प्रसंगाला ओळ-दीड ओळ मिळते. वाचणारा ती ओलांडून पुढे जातो, कारण पुढे इतिहास घडायचा असतो.

मीही ती ओळ अनेकदा ओलांडली आहे. नागपुरात राहणाऱ्याला दीक्षाभूमी शोधावी लागत नाही. रामदासपेठेतून, लक्ष्मीनगरातून, काछीपुऱ्याकडून, कुठूनही निघा, तो पांढरा घुमट दिसत राहतो. दसऱ्याला पुस्तकांच्या दुकानांमधून रेटारेटी करत हिंडावं, दोन-चार पुस्तकं काखेत मारून घरी यावं, हा आमच्यातल्या कितीतरी जणांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. तिथे बाबासाहेबांच्या तसबिरी असतात, रमाईच्या असतात, बुद्धाच्या तर असतातच. सुभेदारांची तसबीर फार वेळ शोधली तर एखाद्या दुकानात कोपऱ्यात सापडते. ज्या माणसासाठी या मैदानावर सगळ्यांत आधी लोक उभे राहिले, त्याला इतकी मागची जागा का, हा प्रश्न मला काही वर्षांपूर्वी पडला आणि मग सुटेना. म्हणून हा लेख एका पेन्शनर सुभेदाराबद्दल आहे, चौदा मुलांच्या बापाबद्दल आहे. मुलगा त्यात येणारच. पण त्याला थोडा वेळ वडिलांच्या मागे उभं राहू द्यावं अशी माझी इच्छा आहे.

रामजींचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं, मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील मालोजी फौजेत होते. सासरे धर्माजी मुरबाडकर सुभेदार मेजर. सासरच्या पुरुषमंडळींत सुभेदार मेजर इतके होते की हुद्दा हे जणू त्या घरचं आडनावच असावं. हा योगायोग नव्हता. गावात ज्या माणसाची सावली चालत नव्हती, त्याच्या हाती कंपनी सरकारच्या मुंबई फौजेने बंदूक दिली, अंगावर लाल डगला चढवला आणि कवायतीच्या मैदानावर नाव घेऊन हाक मारली. १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी कोरेगावात जे लढले आणि पडले, त्यांची नावं तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतल्या कित्येक नावांच्या शेवटी महारांच्या नावांतला ‘नाक’ आहे. बापाने पलटणीत दिवस काढले, म्हणून मुलगा पलटणीत गेला. अशा दोन-तीन पिढ्या झाल्या आणि कोकणातल्या, देशावरच्या कितीएक महार घरांत शिपाईगिरी ही रीत झाली.

पण या लष्करी पेशाने रामजींना बंदुकीपेक्षा मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे शाळा. मुंबई फौजेत देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवण्याची सोय असे. दिवसा मुलांची शाळा, रात्री मोठ्यांची. मुलींनाही वगळलेलं नव्हतं. रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कुलात शिक्षकाचं शिक्षण घेतलं आणि चौदा वर्षं ते लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. सुभेदार हा त्यांचा हुद्दा, पण रोजचं काम मास्तरकीचं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुभेदार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तलवार आणि मिशा येतात. या सुभेदाराच्या हाती खडू असे. फळ्यासमोर उभं राहून, शिपायांच्या पोरांच्या पाट्या तपासत त्यांनी नोकरी काढली. ज्या काळात गावच्या शाळेच्या ओट्यावरही त्यांच्या जातीच्या पोराला बसू देत नव्हते, त्या काळात हा माणूस एका शाळेचा हेडमास्तर होता. महात्मा फुल्यांशी त्यांचा स्नेह होता, असं चरित्रकार धनंजय कीर लिहितात. त्यात नवल नाही.

धाकटा मुलगा झाला तो महूच्या छावणीत, १४ एप्रिल १८९१ ला. चौदावं अपत्य. चौदांतली बरीचशी गेली. मागे राहिलेल्यांत बाळाराम, आनंदराव आणि हा भीमराव असे मुलगे. मंजुळा आणि तुळसा या मुली. घरात त्याला भिवा म्हणत. पुढे आमच्या कामठीच्या बाबू हरदासांनी ‘जय भीम’ हा नमस्कार रूढ केला आणि तो देशभर गेला. आज इंदोऱ्यात दोन माणसं रस्त्यात भेटतात तेव्हा एकमेकांना जी हाक देतात, तिच्यातलं नाव एका फौजी घरातल्या पाळण्यातलं आहे.

भिवा वर्ष-दोन वर्षांचा असेल तेव्हाची गोष्ट. सरकारने फौजेत महारांची भरती थांबवली. लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती अशी वाटणी तोवर लष्करी साहेबांच्या डोक्यात पक्की झाली होती. एका जातीची एक पलटण असं नवं धोरण आलं आणि ज्यांच्या हाताखाली दुसऱ्या जातीचा शिपाई काम करणार नाही, त्यांना दार बंद झालं. ज्यांच्या तीन-तीन पिढ्या या सरकारसाठी लढल्या, त्यांना एका हुकुमाने लढण्यास नालायक ठरवलं गेलं. रामजी त्याच सुमारास निवृत्त होत होते. त्यांची स्वतःची पेन्शन कुठे जाणार नव्हती. पण ते गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांना जाऊन भेटले, त्यांच्या मदतीने या बंदीविरुद्ध अर्ज तयार करवला. गोपाळबाबा वलंगकर हे दुसरे निवृत्त फौजी याच सुमारास याच अन्यायाविरुद्ध लिहीत होते. अर्जांना यश आलं नाही. पण मनावर घेण्यासारखी गोष्ट ही की आयुष्यभर हुकूम पाळलेल्या माणसाने म्हातारपणाच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा हुकुमाविरुद्ध कागद केला, आणि तोही स्वतःसाठी नव्हे, पुढच्या पोरांसाठी.

तो अर्ज घरात विसरला गेला नाही, असं मला वाटतं. मुलाने पुढे ‘अनटचेबल्स अँड द पॅक्स ब्रिटानिका’ या लेखात फौजेचं दार बंद करण्याच्या या निर्णयाचा इंग्रजांना स्पष्ट जाब विचारला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी उभी राहिली आमच्या कामठीला. ऑटोमोटिव्ह चौक मागे टाकून कामठी रोडने पुढे गेलं की कन्हानच्या काठची जुनी छावणी लागते. १८२१ पासूनची. आज तिथे गार्ड्सचं केंद्र आहे, पण १९४६ मध्ये महार रेजिमेंट मशिनगन रेजिमेंट झाली तेव्हा तिचंही केंद्र इथेच होतं. सुरुवातीला तिच्या टोपीवर कोरेगावचा स्तंभ असे. रामजींच्या त्या निष्फळ अर्जाला जवळजवळ पन्नास वर्षांनी उत्तर मिळालं. त्यातलं अर्धं उत्तर नागपूरच्या वेशीवर लिहिलं गेलं, याचा मला नागपूरकर म्हणून अभिमान वाटतो.

निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीच्या कॅम्पात आलं. महिना पन्नास रुपये पेन्शन. तेवढ्यात मोठ्या कुटुंबाचं भागेना, म्हणून साताऱ्याला सरकारी बांधकाम खात्यात स्टोअरकीपरची नोकरी धरली. साताऱ्यातच १८९६ मध्ये भिवाची आई भीमाबाई गेल्या. भिवा पाच वर्षांचा. घर सांभाळलं ते रामजींच्या बहिणीने, मीराआत्याने. आत्या पाठीने अधू होती, पण पोरक्या पोरांना तिने आईची माया दिली. साताऱ्यात न्हावी या पोरांच्या डोक्याला वस्तरा लावत नसे. म्हशी भादरणारे न्हावी होते, पण महाराच्या मुलाचे केस कापणारा नव्हता. मोठी बहीण ओट्यावर बसून भावांचे केस कापायची. हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे. सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० ला नाव घातलं गेलं: भिवा रामजी आंबेडकर. त्या शाळेचं नाव आता प्रतापसिंह हायस्कूल, आणि हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. मला दरवर्षी त्या दिवशी वाटतं, पोराचा हात धरून शाळेच्या दारापर्यंत आलेल्या माणसाचाही उल्लेख व्हावा. नाव नोंदवायला सोबत गेलेला बाप स्वतः हेडमास्तर होता आणि तरीही त्याला ठाऊक होतं की आत पोराला वेगळ्या तरटावर बसावं लागणार आहे.

१९०१ मधला एक प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहिला आहे. शाळेच्या पुस्तकांतून तो बहुतेकांनी वाचलेला असतो, पण वाचताना आपण नेहमी मुलांच्या बाजूने वाचतो. एकदा बापाच्या बाजूने वाचून पाहा.

दुष्काळ होता. सरकारने दुष्काळी काम म्हणून खटाव तालुक्यात गोरेगावला तलाव खोदायला काढला होता आणि रामजी तिथे खजिनदार होते. उपाशी माणसांना रोजचे पैसे मोजून द्यायचे, हे काम. पोरं साताऱ्याला आत्याजवळ. उन्हाळ्याच्या सुटीत इकडे या, म्हणून त्यांनी पत्र पाठवलं. पोरं हरखली. आगगाडीत आजवर बसलेली नव्हती. विलायती कापडाचे नवे शर्ट शिवले, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरं. निघण्याचा दिवस कळवणारं पत्र बापाला धाडलं. बाप न्यायला माणूस पाठवेल या भरवशावर मंडळी मसूर स्टेशनावर उतरली. तिथे कुणीच आलेलं नव्हतं. स्टेशनमास्तरने आधी प्रेमाने चौकशी केली. पण जात कळताच त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाडं घेऊनही बसवून न्यायला राजी होईनात. शेवटी पोरांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवाल्याने बाजूने चालायचं, असं ठरलं. शिदोरी होती, पाणी नव्हतं. जे होतं ते शेणामुताने गढूळ. रात्री टोलनाक्यावर भिवाने उर्दूतून बोलून, आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागितलं. तरी पाणी मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा गाडी गोरेगावात शिरली.

बापाला काहीच माहीत नव्हतं. पत्र आलं होतं, पण नोकराने ते दिलंच नव्हतं. पोरं समोर उभी पाहून ते चकित झाले. आता कल्पना करा: पलटणीत शिस्तीने वाढलेला, वेळेचा काटेकोर माणूस, आणि त्याची पोरं रात्रभर तहानलेली, भेदरलेली, स्वतः बैल हाकत आलेली. एरवी कुणाच्याही घरात पत्र चुकलं तर पोरं स्टेशनावर तासभर वाट पाहतात, कुणीतरी चहा देतं, पुढे ती गोष्ट हसून सांगायची होते. या घरात चुकलेल्या एका पत्राची किंमत अशी होती. सुभेदारांनी तो दिवस कसा काढला ते कुणी लिहिलेलं नाही. मुलाने मात्र लिहिलं की त्या प्रवासाने आपण अस्पृश्य आहोत हे आपल्याला ज्या रीतीने कळलं, त्याचा ठसा कधीच पुसला नाही.

रामजी संत नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. भीमाबाईंनंतर त्यांनी दुसरं लग्न केलं. सावत्र आई जिजाबाई घरात आली आणि आपल्या आईचे दागिने तिच्या अंगावर पाहून भिवाचं माथं फिरलं. बापाच्या जिवावर जगायचं नाही, मुंबईला पळून जाऊन गिरणीत काम करायचं, असं त्याने ठरवलं. भाड्याला पैसे हवेत म्हणून आत्याच्या कंबरेची पिशवी लांबवायला तीन रात्री धडपडला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली. त्यात अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याची त्याला इतकी शरम वाटली की गिरणीचा नाद सोडून त्याने अभ्यासाची कास धरली. बापाची चूक, पोराचा राग आणि आत्याची रिकामी पिशवी यांतून जे निघालं ते निघालं. घरं अशीच चालतात.

यापुढचा भाग माझ्या मते सुभेदारांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आहे, आणि तो एका खोलीत घडला. साताऱ्याहून कुटुंब मुंबईला आलं होतं. परळला, डबक चाळीत एकच खोली. तीत माणसं, भांडीकुंडी, सरपण, जातं आणि एक शेळी. भिवा आधी मराठा हायस्कुलात, मग एल्फिन्स्टन हायस्कुलात. खोलीत अभ्यासाला जागा नाही, दिवसभर कलकल. सुभेदारांनी यावर फौजी तोडगा काढला. भिवाला संध्याकाळी लवकर झोपवायचं आणि स्वतः जागं राहायचं. रात्री दोनला त्याला उठवायचं. मग चिमणीच्या उजेडात, शेळी आणि जात्याच्या शेजारी, उजाडेपर्यंत पोराचा अभ्यास चाले. पलटणीत पहाऱ्याच्या पाळ्या लावतात तशी ही पाळी. फरक इतकाच की पहारेकरी एकच होता, बदली कधीच नसे, आणि त्याचं वय साठीकडे झुकलेलं होतं.

इंग्रजी त्यांनी स्वतः शिकवलं. हॉवर्डची पुस्तकं आणि तर्खडकरांची भाषांतरमाला, ही त्यांची हत्यारं. आज जगभर ज्या माणसाचं इंग्रजी वाचलं जातं, त्याला मराठी वाक्य इंग्रजीत कसं वळवायचं हे परळच्या चाळीत एका पेन्शनर सुभेदाराने तर्खडकर पुढ्यात ठेवून शिकवलं. ही ओळ लिहिताना माझा हात जरा थांबतो.

आणि पुस्तकं. पोराला पुस्तकांचं वेड, अभ्यासाच्या बाहेरच्या पुस्तकांचं तर फारच. भिवा म्हणे अमुक पुस्तक हवं, आणि सुभेदार बाहेर पडत. खिशात पैसे नसत. मुंबईत दिलेल्या मुलींची घरं जवळ होती. आधी धाकट्या लेकीकडे जात. तिच्याकडे दोन-चार रुपये असले तर ती देई. नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही नसले तर तिचा एखादा दागिना घेत, तो गहाण टाकत आणि पुस्तक आणत. पेन्शन हाती आली की पहिलं काम दागिना सोडवून लेकीला परत देणं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. लेकीच्या दारात दागिना मागायला उभं राहणं आपल्याकडच्या बापाला किती जड जातं, हे मराठी वाचकाला सांगायला नको. सासरचे काय म्हणतील, जावई काय म्हणेल. एकेकाळी शाळेवर हेडमास्तर असलेला हा माणूस ते ओझं महिन्यामागून महिने उचलत राहिला. त्या बहिणींचंही नाव घ्यायला हवं. ज्या ग्रंथसंग्रहाची पुढे दंतकथा झाली, त्याची पहिली पुस्तकं मंजुळा-तुळसाच्या अंगावरून उतरली.

घरात धर्म होता, आणि कडक होता. रामजी कबीरपंथी. मद्य नाही, मांस नाही. संध्याकाळी पोरांनी एकत्र बसायचं, भजनं, अभंग, कबीराचे दोहे म्हणायचे. बहिणींच्या गोड गळ्यातल्या अभंगांची आठवण बाबासाहेबांना पुढे राहिली. त्याशिवाय रामायण-महाभारताचं वाचन, आणि इथे बापलेकांची जुंपत असे. भिवाने विचारलं, आपल्याला हीन लेखणाऱ्या गोष्टी असलेले हे ग्रंथ आपण का वाचायचे? बापाचं उत्तर लक्षात ठेवण्याजोगं आहे. आपण अस्पृश्य, तुमच्या मनात न्यूनगंड येण्याचा धोका आहे. तो काढायला हे ग्रंथ वाचा, असं त्यांचं म्हणणं. द्रोण पाहा, कर्ण पाहा, किती सामान्य जागेवरून कुठे पोचले. वाल्मीकी कोळी होता आणि रामायणाचा कर्ता झाला. पोराचं समाधान झालं नाही. त्याला भीष्म, द्रोण, कृष्ण कुणीच पटेना. रामाचंही वागणं पटेना. तो बापाला तसं सांगे. बाप ऐकून घेई आणि गप्प राही.

यातली बापाची बाजू मला आधी भाबडी वाटत असे. आता वाटत नाही. हा शिक्षक होता. पोराच्या मनात कमीपणा रुजू नये एवढीच त्याला चिंता होती, आणि त्यासाठी हाताशी जे साहित्य होतं ते तो वापरत होता. पोराने त्याच साहित्याशी भांडण काढलं आणि बापाने त्याचं तोंड दाबलं नाही. त्या काळातल्या कुठल्याही घरात, ब्राह्मणाच्या म्हणा की आणखी कुणाच्या, बापाशी रामावरून वाद घालणाऱ्या पोराला किती वेळ उभं राहू दिलं असतं?

तेवढ्यात घरात बुद्ध आला. भिवा परीक्षा पास झाला, त्याच्या जातीत हे अपूर्व, म्हणून सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. ते वाचून पोराने बापाला विचारलं, बौद्ध वाङ्मय तुम्ही आम्हाला का नाही दिलंत? या प्रश्नाचं उत्तर सुभेदारांकडे नव्हतं. उत्तर द्यायला त्या पोराला पुढचं अर्धं शतक लागलं, आणि ते त्याने आमच्या गावात येऊन दिलं.

रमाबाईंशी लग्न लावून दिलं तेही सुभेदारांनीच. दापोलीजवळच्या वणंदची पोर. आई-वडील नसलेली. लग्न लागलं भायखळ्याच्या बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर, रात्री. बाजाराच्या ओट्यांवर वऱ्हाड बसलं. मुलगा १९१२ मध्ये बी. ए. झाला. सयाजीराव गायकवाडांनी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती, तिच्या मागेही केळुसकर गुरुजीच होते. त्याच वर्षी १२ डिसेंबरला यशवंत झाला. म्हणजे सुभेदारांनी नातू पाहिला.

जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीवर जायला निघाला तेव्हा बापलेकांत शेवटचा वाद झाला. रामजींचा विरोध होता. बडोद्यात जातिभेद कडक, तिथे पोराचा पाणउतारा होईल, असं त्यांना वाटे. इथेच मुंबईत नोकरी कर. मुलाने ऐकलं नाही. कीर लिहितात की बडोदा संस्थानच्या फौजेत त्याची लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली होती. मालोजी, रामजी, आणि आता तिसरी पिढी अधिकारी म्हणून. ही बातमी ऐकून सुभेदारांच्या छातीत काय दाटलं असेल, हे फौजी घरातल्या माणसाने सांगावं. चार वर्षांनी, परदेशातून परतल्यावर, बडोद्यात त्याच मुलाला राहायला घर मिळालं नाही आणि पारशी वसतिगृहातून हाकलून दिलं गेलं. बापाचं भाकीत अक्षरशः खरं झालं. पण ते पाहायला सुभेदार नव्हते.

बडोद्याला रुजू होऊन पंधरवडा होतो न होतो तोच तार आली, वडील अत्यवस्थ. भीमराव निघाला. सुरतेला गाडी थांबली. वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून तो खाली उतरला, आणि गाडी निघून गेली. पुढची गाडी मिळून मुंबईला पोचायला उशीर झाला. हा तपशील मी जितक्यांदा वाचला तितक्यांदा मला त्या मिठाईच्या पुड्याचं काय झालं असेल असं वाटत राहिलं. घरी पोचला तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे दाराकडे होते. त्यांनी लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. बोलणं झालं नाही. २ फेब्रुवारी १९१३ ला सुभेदार गेले.

त्याच वर्षी जुलैत मुलगा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचला. रात्री दोनला उठण्याची सवय तो सोबत घेऊन गेला असणार. १९२३ मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रूपी’ हा त्याचा ग्रंथ लंडनमध्ये निघाला. रुपयाच्या चलनावरचा, आकड्यांनी भरलेला, विद्वानांसाठी लिहिलेला तो ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलेला आहे; त्यांनी आपल्या शिक्षणासाठी जो त्याग केला आणि जी समज दाखवली, त्याबद्दलच्या कृतज्ञतेने. रुपयावरचं पुस्तक त्या माणसाच्या नावे, ज्याने पुस्तकासाठी एकेका रुपयाकरता लेकींची दारं पुजली.

मग मध्ये महाड, नाशिक, पुणे, लंडनच्या गोलमेज परिषदा, दिल्ली, राज्यघटना असं सगळं झालं. १५ मार्च १९५६ ला दिल्लीत, प्रकृती ढासळत असताना, बाबासाहेब ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाची प्रस्तावना लिहायला बसले. बुद्धाकडे मी कसा वळलो, हे सांगायचं होतं. आणि ते सांगताना चौसष्ट वर्षांचा तो आजारी माणूस थेट परळच्या खोलीत गेला. वडील लष्करात अधिकारी होते, धार्मिक होते, कडक शिस्तीत त्यांनी मला वाढवलं, इथपासून त्याने सुरुवात केली. रामायणावरून झालेला वाद लिहिला, कर्ण लिहिला, वाल्मीकी लिहिला, केळुसकर लिहिले, बापाला विचारलेला तो प्रश्न लिहिला. जगातल्या एका थोर धर्माकडे जाण्याची वाट सांगायची तर ती वडिलांच्या घरातून सुरू होते, हे त्याला मान्य होतं. बुद्धावरच्या ग्रंथाच्या दारात त्याने आधी आपल्या बापाला उभं केलं.

यानंतर सात महिन्यांनी नागपूर.

त्या मैदानावर जमलेल्यांत फौजी पेन्शनर असतील, महार रेजिमेंटमधून नुकते परतलेले असतील, एम्प्रेस मिलच्या पाळीवरून थेट आलेले गिरणी कामगार असतील, पोटाला चिमटा काढून पोरांना शिकवणारे आईबाप तर हजारोंनी असतील. सुभेदारांना त्यांतल्या कुणी पाहिलेलं नव्हतं. रामजींना जाऊन त्रेचाळीस वर्षं लोटली होती. आधी एका बाईने बाबासाहेबांच्या गौरवाचं गाणं म्हटलं. मग सगळे उठले. नऊवारीतल्या बाया, टोपीतले म्हातारे, खांद्यावरची पोरं. एक मिनिट कुणी हललं नाही.

मिनिट संपलं तसे लोक खाली बसले, आणि भिक्खू चंद्रमणींनी पालीत सुरुवात केली.